लहान मुलं, हातावरचं पोट आणि संग्रहालयाची पायरी

ओंजळ | सोमवार, रात्री ९:०५

गेली सहा वर्षं मी एका संग्रहालयात स्वयंसेविका म्हणून जाते. आठवड्यातून एक दिवस, कधी दारापाशी, कधी दालनात. हा धागा काढावासा वाटला तो मागच्या रविवारी दिसलेल्या एका बाईमुळे.

ती पायऱ्यांच्या खाली उभी होती. कडेवर वर्ष-दीड वर्षाचं बाळ, बोट धरलेला चारेक वर्षांचा मुलगा, खांद्याला मोठी कापडी पिशवी. मला वाटलं, वेळापत्रक वाचतेय. थोड्या वेळाने लक्षात आलं की फलकाकडे तिचं लक्षच नव्हतं. ती आत जाणाऱ्या माणसांकडे बघत होती. कुणाची पिशवी उघडून बघतात, कुणाला थांबवतात, मूल कडेवर घेऊन कुणी आत गेलंय का. दहा-पंधरा मिनिटं अशी गेली आणि मग ती मुलाला म्हणाली, "बघितलंस ना? चल आता."

त्या दिवशी प्रवेश मोफत होता. दारावर तसं ठळक लिहिलेलंही होतं.

मी लगबगीने खाली उतरले आणि म्हणाले, "या ना आत, आज फुकट आहे." आजूबाजूला माणसं होती. तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं, "नको, घाई आहे" म्हणाली आणि निघाली. मुलगा मान वळवून वळवून दाराकडे बघत गेला. ते "फुकट" माझ्या तोंडून का गेलं, याची चुटपुट अजून लागून राहिली आहे.

तिकीट हा अडथळा आहेच. पण तो काढला की काम झालं, असं आपण धरून चालतो. ज्यांचं पोट हातावर आहे अशा घरांना तिकिटाच्या आधी आणि तिकिटाच्या नंतरही बरंच काही आडवं येतं. सुट्टी घेतली तर रोज बुडतो, आणि मोफत प्रवेश बऱ्याचदा असतो नेमका कामाच्या दिवशी सकाळी. येण्याजाण्याचं भाडं चार माणसांचं. एवढं करून आत आलं आणि मूल रडलं, पळालं, काचेला हात लावला, तर चारचौघांत ऐकून घ्यावं लागेल ही धास्ती. एलेन ह्युमन गुरियन यांनी आयुष्यभर संग्रहालयांत काम केलं. त्यांनी या सगळ्याला 'उंबरठ्याची भीती' म्हटलं आहे. इमारतीचा भारदस्तपणा, दारातली तपासणी, आत गेल्यावर कुठे वळायचं हे न कळणं, यानेच नवखा माणूस मागे फिरतो, असं त्यांचं म्हणणं. त्या रविवारी मी ते डोळ्यांनी बघितलं.

आम्ही चार-पाच जण मिळून आता महिन्यातून दोनदा अशा घरांना सोबत घेऊन जातो. एका वेळी तीन कुटुंबं, त्याहून जास्त नाहीत. काय जमतं, काय फसतं ते खाली लिहीनच. पण आधी तुमचे अनुभव हवेत. पालक म्हणून गेला असाल, शिक्षक म्हणून, तिथे नोकरी करत असाल. लहानपणी कुणी नेलं असेल तर तेही लिहा.

---

काजवा | सोमवार, रात्री ९:४०

विषय चांगला मांडलात. एक शंका आहे, विरोध म्हणून नाही, खरंच विचारतोय. दोन-चार वर्षांच्या मुलांना त्यातलं काय कळणार? त्यांना पुढे आठवणारही नाही. तुमच्याकडे वेळ आणि माणसं मोजकी आहेत. तीच आठवी-नववीच्या मुलांसाठी लावली तर जास्त उपयोग होणार नाही का?

---

ओंजळ | सोमवार, रात्री १०:२०

काजवा, हा प्रश्न मलाही पहिल्या वर्षी पडायचा. उत्तर एका मुलीने दिलं.

आमच्याकडे देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. तीन वर्षांची ती मुलगी त्याच्याखाली आली, वर बघितलं आणि सरळ जमिनीवर पाठ टेकून आडवी झाली. तिचे वडील घाबरले, उठ म्हणून ओढायला लागले. मी म्हटलं, राहू द्या, तिथूनच नीट दिसतो. मग तेही आधी उकिडवे बसले, आणि दोन मिनिटांनी मुलीशेजारी चक्क आडवे झाले. "बाबा, याच्या पोटात आपण मावू?" "मोजू या." बापलेक शेपटीपासून जबड्यापर्यंत पावलं टाकत गेले. त्याची बावीस, तिची पन्नासच्या वर; पुढचे आकडे तिला येत नव्हते. महिन्याभराने ते परत आले तेव्हा वडील सांगत होते, घरात आता सगळं पावलांनी मोजलं जातं.

तिला पुढे यातलं काही आठवणार नाही, हे मान्य. पण मोठं म्हणजे किती मोठं, हे तिने स्वतःच्या पायांनी मोजलं आणि ते वडिलांबरोबर मोजलं. आठवीतल्या मुलांसाठी शाळेची सहल असते, बरी-वाईट कशी का होईना. या वयाच्या मुलांना घरच्यांशिवाय कोण नेणार? आणि घरचे तर पायरीखाली थांबलेले.

---

टिपकागद | मंगळवार, सकाळी ७:५०

थोडी भर घालतो. माझा अभ्यासाचा विषय जवळचा आहे, म्हणून लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रवेश मोफत केला की सगळे येतील, ही आशा अनेक देशांत करून बघितली गेली. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००१ पासून राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमच्या दालनांना प्रवेश मोफत झाला. भेटींची संख्या भरपूर वाढली, पण त्यात आधीपासून जाणारे लोकच जास्त वेळा जाऊ लागले, हाही त्यातला मोठा भाग होता. त्याआधी १९६० च्या दशकात पिएर बूर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर युरोपातल्या कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकांची पाहणी केली होती. कोण येतं आणि कोण येत नाही, हे तिकिटापेक्षा शिक्षणावर आणि घरातल्या सवयीवर जास्त ठरतं, असं त्यात दिसलं. म्हणजे ओंजळताईंनी पायरीवर जे बघितलं, त्याची नोंद पन्नास-साठ वर्षांपूर्वीच झालेली आहे.

याचा अर्थ तिकीट महत्त्वाचं नाही असा कृपया काढू नका. ज्याच्याकडे चार तिकिटांचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी पहिली भिंत तीच. अमेरिकेत २०१४ पासून 'म्युझियम्स फॉर ऑल' नावाची योजना आहे. सरकारी अन्नसाहाय्याचं कार्ड दाखवलं की एका कार्डावर चार जणांपर्यंत मोफत किंवा नाममात्र दरात प्रवेश मिळतो. हजाराहून जास्त संग्रहालयं त्यात आहेत. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी, की ही सवलत वर्षभर, रोजच्या वेळेत चालते. गरिबांसाठी वेगळा वार नाही. तिकडची बरीच सार्वजनिक वाचनालयं तर संग्रहालयाचे पास पुस्तकासारखे घरी देतात. ते घ्यायला गरिबीचा दाखला लागत नाही, सभासदत्व पुरतं.

आता लहान मुलांबद्दल. फक्त मुलांसाठी काढलेलं पहिलं संग्रहालय ब्रुकलिनचं, १८९९ मधलं. पण खरा फरक पाडला तो बॉस्टनच्या बालसंग्रहालयाने १९६० च्या दशकात. तिथले संचालक मायकेल स्पॉक यांनी काचेची कपाटं बाजूला करून वस्तू मुलांच्या हातात दिल्या. स्पॉक यांना स्वतःला लहानपणापासून वाचायला फार जड जायचं. माहितीची पाटी वाचूनच सगळं समजून घ्यायचं असेल तर काय होतं, हे त्यांनी भोगलेलं होतं. ज्या पालकांना वाचता येत नाही किंवा अडखळत येतं, त्यांच्याबद्दल बोलताना मला हे नेहमी आठवतं.

---

शिंपला | मंगळवार, दुपारी १:१५

मी बालवाडीत शिकवते. आमच्याकडची बहुतेक मुलं ओंजळ म्हणतात तशा घरांतली. दोन वर्षांपूर्वी आम्ही पालकांसकट संग्रहालयाची भेट ठरवली. तीस कुटुंबांनी नावं दिली, आली नऊ. मला वाईट वाटलं. रागही आला, खोटं कशाला सांगू.

नंतर घरोघर जाऊन विचारलं तेव्हा एकेक गोष्ट कळत गेली. एकीला वाटलं, धाकटं बाळ चालणार नाही आणि त्याला ठेवायला घरी कुणी नाही. एकाने विचारलं, "आत काही विचारतात का? मला उत्तर नाही आलं तर?" त्याला वाटलं होतं की तिथे परीक्षेसारखं काहीतरी असतं. तिघींना आतल्या स्वच्छतागृहाची काळजी होती; नुकतं लंगोट सुटलेलं मूल घेऊन अनोळखी इमारतीत तास-दीड तास काढायचा म्हणजे केवढी जोखीम, ते आईच जाणे. आणि दोघांनी सांगितलं, कपडे चांगले नव्हते.

पुढच्या वेळी मी आधी एकटी जाऊन फोनवर फोटो काढले. वस्तूंचे नाही. बसथांब्यापासून दार कसं दिसतं, पिशव्या कुठे ठेवतात, स्वच्छतागृह कुठे, पाणी कुठे, बाळाला पाजायला बसता येईल असा कोपरा कुठला, डबा कुठे उघडू देतात, आणि दारातले काका. त्यांना विचारूनच फोटो घेतला, ते छान हसले. हे फोटो त्याच क्रमाने पालकांच्या गटावर टाकले आणि प्रत्येकाखाली आवाजात एक-दोन वाक्यं सांगितली, कारण लिहिलेलं सगळ्यांना वाचता येत नाही. शेवटी म्हटलं, बाळं आणा, भावंडं आणा, आजी असेल तर तिलाही आणा. मूल रडलं तर बाहेर यायचं, शांत झालं की परत आत. कुणी काही विचारणार नाही.

त्या वेळी बावीस कुटुंबं आली. मुलं तर दारातल्या काकांकडे "हे फोटोतले!" म्हणत धावत गेली.

---

काजवा | मंगळवार, दुपारी २:०५

ओंजळ, शंका मागे घेतो. शिंपला, तुमची आवाजातल्या निरोपाची कल्पना उचलतोय. आमच्या वाचनालयाच्या बालविभागाला सांगतो.

---

जुनी वही | मंगळवार, सायंकाळी ६:३०

दोन गोष्टी मनात खटकतात, त्या मांडते.

पहिली दाखल्याची. सवलत हवी तर कागद दाखवा, असं खिडकीवर मोठ्याने विचारलं जातं आणि मागे रांग असते. मुलाच्या देखत आईने आपली मिळकत सिद्ध करायची. हे टाळता येतं. आमच्या ओळखीच्या एका ठिकाणी खिडकीवरचा माणूस येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य विचारतो, "तुमच्याकडे कुठला पास आहे का?" पास असला तर दाखवायचा, नसला तर पैसे द्यायचे. सवलतीचा पास, सभासदाचा पास, वाचनालयाचा पास, सगळे एकाच रंगाचे, एकाच आकाराचे. आत जाताना मिळणारी चिठ्ठीही सगळ्यांना सारखीच. याला जास्तीचा खर्च काही नाही, फक्त कुणीतरी तसा विचार करायला हवा.

दुसरी फोटोंची. मदत करणाऱ्या संस्था भेटीचे फोटो काढतात आणि 'वंचित मुलांनी पहिल्यांदाच पाहिलं संग्रहालय' असं लिहून सगळीकडे टाकतात. ते मूल उद्या मोठं होईल, स्वतःचं नाव शोधेल, तेव्हा त्याला काय सापडावं? देणगीदारांना काहीतरी दाखवावं लागतं, हे मला कळतं. मग मुलांनी काढलेली चित्रं दाखवा. पाठमोरे फोटो दाखवा. आणि परवानगी विचारायचीच असेल तर भेट संपल्यावर, घरी गेल्यावर विचारा. दारात विचारलं की नाही म्हणायची सोय उरत नाही.

---

आठ तास उभा | मंगळवार, रात्री ११:१०

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. मी संग्रहालयात सुरक्षारक्षक आहे. दालनात ओरडणारा तो माणूस म्हणजे मी, म्हणून लिहावंसं वाटलं.

आम्ही का ओरडतो ते सांगतो. कपाटाची काच फुटली किंवा वस्तूला ओरखडा आला तर पहिला जाब आम्हाला. मूल पळत आलं की आमच्या छातीत धस्स होतं. कशाला हात लावलेला चालतो आणि कशाला नाही, हे मला नोकरी लागल्यावर चार वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलेलं एकच, कुणाला हात लावू देऊ नका. मग मी भिंतीलाही हात लावू देत नसे.

आणि हेही कबूल करतो, की चांगल्या कपड्यातल्या मुलाला मी "बाळा, हळू" म्हणायचो आणि साध्या कपड्यातल्या मुलाच्या बापाकडे बघून "ओ, मुलाला आवरा" म्हणायचो. हे मला एका बाईंनी दाखवून दिलं तोपर्यंत माझ्या ध्यानातही नव्हतं. माझी स्वतःची पोरं साध्याच कपड्यांत असतात.

मग आमच्याकडे एक नवीन मॅडम आल्या. त्यांनी आम्हा रक्षकांना प्रत्येक दालन फिरवून दाखवलं. ही वस्तू का नाजूक, ही का नाही. हाताला घाम असतो, तेल असतं. ते धातूवर आणि सच्छिद्र दगडावर राहतं आणि वर्षानुवर्षांनी डाग पडतो. त्यांनी दारापाशी एक दगडाची लादी ठेवली, अर्धी उघडी, अर्धी काचेखाली. सगळ्यांनी उघड्या अर्ध्या भागाला हात लावायचा. वर्षभरात तो भाग काळपट, तुकतुकीत झाला. आता मी मुलांना आधी तिथे नेतो. "लाव हात. बघ, हा भाग कसा झाला? आत सगळ्यांनी हात लावला तर तिथलं पण असंच होईल." तीन वर्षांच्या पोरालाही कळतं. मग ते पोरगंच बापाला सांगतं, हात नका लावू.

आणखी एक. मुलं कपाटाच्या कडेवर चढतात ती मस्ती म्हणून नाही, त्यांना आतलं दिसत नाही म्हणून. खाली बसून बघा एकदा, नुसतं फळीचं लाकूड दिसतं.

---

टिपकागद | बुधवार, सकाळी ८:००

आठ तास उभा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे.

तुमचा शेवटचा मुद्दा आकड्यांत सांगतो. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर असते, म्हणजे डोळे ८५ च्या आसपास. चित्रं मात्र मध्यबिंदू साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर येईल अशी टांगतात. १९१६ साली बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन आयव्ह्ज गिलमन यांनी एका माणसाला कपाटांतल्या वस्तू बघायला लावून त्याचे फोटो काढले होते. कुठे कंबरेत वाकतोय, कुठे टाचा उंचावतोय, कुठे जवळजवळ जमिनीवर बसतोय. संग्रहालयात जो शीण येतो तो मांडणीमुळे येतो, हे त्यांना दाखवायचं होतं. तो प्रौढ माणूस होता. त्या जागी दोन वर्षांचं मूल ठेवून बघा. मूल अर्ध्या तासात किरकिर का करतं, याचं उत्तर मिळेल.

ओरडण्यावरून आठवलं. लंडनमध्ये अॅझ्टेक शिल्पांच्या प्रदर्शनात पत्रकार डी बर्केट यांचा दोन वर्षांचा मुलगा एका पुतळ्याकडे बघून "राक्षस, राक्षस!" असं ओरडला आणि त्यांना बाहेर काढण्यात आलं. त्यांनी त्यावर वर्तमानपत्रात लिहिलं, वाचकांचे ढीगभर अनुभव आले आणि त्यातूनच २००३ मध्ये 'किड्स इन म्युझियम्स' ही चळवळ उभी राहिली. मुलगा तर पुतळा बघून बरोबर तेच म्हणाला होता, जे त्याला दिसलं.

---

भिंगरी | बुधवार, रात्री १०:३०

मी त्या पायरीखालच्या बायकांपैकी एक. म्हणजे तुमच्या संग्रहालयातली नाही, पण तशीच. चार वर्षांपूर्वी मला आणि माझ्या दोन मुलांना अशाच एका गटाने नेलं होतं. मी घरकाम करते. नवरा दगडकाम करतो.

पहिल्यांदा नको म्हणाले होते. ज्या बाई बोलवायला आल्या त्या इतक्या गोड बोलत होत्या की मला संशय आला, नंतर काहीतरी मागतील. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "मला पण तिथलं सगळं माहीत नाही, आपण मिळून बघू." म्हणून गेले.

आत गेल्यावर पहिली वीस मिनिटं मी काहीच बघितलं नाही. मुलांचे हात धरून ठेवले होते, इतके घट्ट की धाकटी रडायला लागली. आम्ही बाहेर येऊन बसलो. त्या बाई पण बाहेर येऊन बसल्या, चला चला केलं नाही. परत आत गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, आज एकच वस्तू बघायची, कुठली ते मुलांनी ठरवायचं. थोरल्याने एक दगडाची मूर्ती निवडली, डोकं नसलेली.

माझा नवरा तोवर मागेच होता, कोपऱ्यात. तो पुढे आला आणि खाली वाकून मूर्तीचा पाय बघायला लागला. म्हणाला, "हे बघ, इथे टोकाची टाकी चालवलीय. इथे सपाट. आणि हा गुडघा घासून घेतलाय. इथे मात्र त्याने काम अर्धवट सोडलंय." बाईंनी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, "घाव बघा ना, सगळे एका दिशेने आहेत. पुढची फिरवणीच झाली नाही." मग बाजूची दोन-तीन माणसं पण ऐकायला थांबली. माझ्या मोठ्या मुलाने बापाकडे असं बघितलं, तसं बघताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

वरती कुणीतरी विचारलं होतं, लहान मुलांना काय कळतं. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला मूर्ती कुठल्या देवाची ते आजही माहीत नाही. पण बापाला दगड वाचता येतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही न्यायला येता ते चांगलंच आहे. पण नंतर आमचे आम्ही जाऊ शकलो का, हे बघा. आम्हाला दुसऱ्यांदा जायला सात महिने लागले, कारण आमचे आम्ही गेलो तर सोडतील का, ते माहीत नव्हतं. निघताना त्या बाईंनी पुढच्या वेळचा पास हातात दिला असता तर लवकर गेलो असतो.

---

ओंजळ | गुरुवार, सकाळी ६:४५

भिंगरीताई, काल रात्री तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. पासाचं आजच बोलते. आम्ही सहा वर्षं माणसं आणतो आहोत आणि दुसऱ्या भेटीची मोजदाद कधी केली नाही.

तुमच्या त्या बाईंनी "कशावरून?" विचारलं, ते फार छान केलं. आम्हीही तेच शिकतोय. अॅबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांनी चित्र बघण्याची एक पद्धत घालून दिली आहे, त्यात तीनच प्रश्न असतात: या चित्रात काय चाललंय? तुम्हाला असं कशावरून वाटलं? अजून काय दिसतंय? बरोबर-चूक काही नाही, तारीख-सन काही नाही. ज्याला पाटी वाचता येत नाही त्याला हे प्रश्न अडवत नाहीत, उलट ज्याची नजर तयार आहे तो पुढे जातो. शिवणकाम करणारी आई जुन्या कपड्याची शिवण बघून जे सांगते, ते आमच्या माहितीपत्रकात नसतं. आता आम्ही ते लिहून ठेवायला लागलो आहोत आणि दालनाच्या ताईंना देतो.

काय जमतं ते लिहीन म्हटलं होतं. बरंचसं तुम्हीच लिहिलंत, म्हणून थोडक्यात. पाऊण तासाच्या वर थांबायचं नाही; मूल अजून हवं म्हणत असतानाच निघायचं. एका भेटीत एक, फार तर दोन वस्तू. गाडीभाडं आधी द्यायचं, पाकिटात, सगळ्यांना. मागाहून हिशोबाने देतो म्हटलं की आधी खिशातून घालायला पैसे लागतात, तेच तर नसतात. निघताना प्रत्येक मुलाला कागद आणि पेन्सिल द्यायची, घरी न्यायला.

फसलेलं एकच सांगते. आम्ही एकदा सोळा कुटुंबं आणली, मोठा कार्यक्रम केला, माईक लावला. मुलं घाबरली, पालक ओळीने बसले, भाषणं झाली. वस्तू कुणीही बघितल्या नाहीत. नंतरच्या भेटींना त्यातलं एकच कुटुंब आलं.

---

रंधा | गुरुवार, दुपारी ४:२०

मी सुतार आहे. रक्षकदादांनी कपाटाच्या कडेचं लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. मुलांना उभं राहायला चौरंगासारखे ठोकळे करून देतो. माझ्याकडे लाकूड पडून आहे, मजुरी नको. उंची किती ठेवू?

---

आठ तास उभा | गुरुवार, रात्री १०:५०

आमची सपाट कपाटं जमिनीपासून नव्वद सेंटिमीटरवर आहेत, आज मोजली. वीसचा एक आणि तीसचा एक असे करा. माथा रुंद हवा, दोन पोरं शेजारी उभी राहतील असा, नाहीतर ढकलाढकली होते. खाली रबर लावा, आमची फरशी गुळगुळीत आहे. आणि उचलायला दोन्ही बाजूंना खाच ठेवा, म्हणजे मला एका दालनातून दुसऱ्या दालनात नेता येतील. मी वरिष्ठांची परवानगी काढतो. ओंजळताई, तुमच्याही संग्रहालयात विचारा.

---

ओंजळ | शुक्रवार, सकाळी ७:१०

विचारलं. आमच्याकडे हो म्हणाले, चार हवेत. पंच्याऐंशीची कपाटं आहेत, तर वीसचेच जास्त चालतील.

---

रंधा | शुक्रवार, सकाळी ९:३०

करतो. कडा गोल करून, तासून देतो, कूस राहणार नाही. पुढच्या रविवारी घेऊन येतो, बरोबर नातवंडं असतील, तीन आणि पाच वर्षांची. सामान घेऊन मागच्या दाराने यायचं ना?

---

ओंजळ | शुक्रवार, सकाळी ९:४५

नाही, पुढच्याच दाराने या. मी पायऱ्यांपाशी उभी असेन.